सारिका म्हेत्रेची फाईल

“यात सगळं आलंय नव्हं, ताई?”

सारिका म्हेत्रेनं खिडकीतून विचारलं, तेव्हा मी तिच्या कागदावर हॉस्पिटलचा शिक्का मारत होते. सहावा महिना असावा तिला. फिकट पिवळा ड्रेस, ओढणीनं पोट झाकलेलं, आणि कडेवर तीनेक वर्षांची पोरगी. पोरगी माझ्या हातातल्या शिक्क्याकडे टक लावून बघत होती.

“डिस्चार्ज समरी म्हणतात याला,” मी म्हणाले. “मागच्या बाळंतपणाची माहिती असते यात.”

“न्हाई, मला इंग्रजी वाचाय येत न्हाई म्हणून इचारलं. ह्या टायमाला माहेरी जाणार हाय, निपाणीला. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आदीचे कागद घिऊन या. मागच्या टायमाला मला रक्त दिलंतं, ते बी लिवलंय का?”

“हो, सगळं आलंय.”

तिनं कागदाची चौघडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातली. “मावशीला टाटा कर,” ती पोरीला म्हणाली. पोरीनं केला नाही. सारिका हसली आणि गेली. रांगेतल्या पुढच्या माणसानं खिडकीत हात घातला होता.

याला आता अकरा वर्षं झाली. इचलकरंजीत ट्रस्टच्या एका हॉस्पिटलात मी रेकॉर्ड विभागात होते. पेशंट घरी गेला की त्याची फाईल आमच्याकडे तळघरात यायची. ती पहिल्या पानापासून वाचायची, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला जाड पुस्तकातला ठरलेला आकडा द्यायचा. मधुमेहाचा वेगळा, मोडलेल्या हाडाचा वेगळा, बाळंतपणातल्या एकेका अडचणीचा वेगळा. याला कोडिंग म्हणतात. त्याचा सहा महिन्यांचा कोर्स मी कोल्हापुरात केला होता आणि परीक्षेत पहिली आले होते. घरी आई सगळ्यांना सांगायची, “आमची हेमलता डॉक्टरांचं लिहिलेलं तपासते.” तसं काही नव्हतं. कोर्समधले सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, डॉक्टरनं लिहिलं नाही ते आपण लिहायचं नाही, आणि डॉक्टरनं लिहिलंय ते आपण गाळायचं नाही. शंका आली तर चिठ्ठी पाठवून विचारायचं.

सारिका येऊन गेली त्याला तीन महिने झाले असतील. सोमवारी अकराच्या सुमाराला खिडकीत एक माणूस येऊन उभा राहिला. तिशीतला, दाढी वाढलेली, शर्टाच्या बाहीवर तेलाचे जुने डाग. त्याच्या हातात माझ्या शिक्क्याचा तोच कागद होता. घड्यांवर फाटायला आलेला.

“मी नंदकुमार म्हेत्रे. मागावर जॉबर हाय, माग दुरुस्तीला,” तो म्हणाला. “हा कागद हितलाच न्हवं?”

“हो. काय पाहिजे तुम्हाला?”

“माझी बायकू गेली.”

मला क्षणभर अर्थच कळला नाही. कुठे गेली, असं मी विचारणारही होते. मग त्याचा चेहरा बघितला.

मी त्याला आत बोलावून खुर्ची दिली. तो बसला नाही. कपाटाला पाठ टेकून उभा राहिला आणि सांगू लागला. नववा महिना लागत होता. रक्त जायला लागलं म्हणून निपाणीत सिझर करायला घेतलं. पोट उघडल्यावर कळलं की वार आधीच्या टाक्यांच्या जागेत मुळासारखी रुतून बसलीय. मूल निघालं. वार निघेना, रक्त थांबेना. तिथं रक्ताच्या दोनच बाटल्या होत्या. बेळगावला न्यायला निघाले. संकेश्वरच्या थोडं पुढं गेल्यावर ॲम्ब्युलन्समधल्या नर्सनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाळ?” मी विचारलं.

“पोरगा हाय. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलाय.” त्यानं कागद माझ्यापुढे धरला. “तिथल्या बाईंनी मला ह्यो दाखवला. त्या बी रडत हुत्या. म्हणाल्या, मागच्या टायमाला वारेचा काय त्रास झाला असता तर ह्यात लिवलं असतं. पर ह्यात लिवलंय, ऑपरेशन सुरळीत. मॅडम, मागच्या टायमाला मी हितंच भाईर हुतो. तीन बाटल्या रक्त मी पळत जाऊन आणलंय. मग सुरळीत कसं?”

“पूर्ण फाईल काढावी लागेल,” मी म्हणाले. “अर्ज द्या. गुरुवारी या.”

त्याला अर्ज मीच लिहून दिला. सही करताना त्यानं पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावरही नाव उमटलं.

तो गेल्यावर मी फाईल काढली. ऑपरेशनची नोंद डॉ. मगदूम मॅडमच्या हातची होती, आठ-दहा ओळींची. दुसरं सिझर. वार आधीच्या व्रणाला चिकटलेली, हातानं तुकड्या-तुकड्यांनी काढली. साधारण चौदाशे मिली रक्तस्राव. तीन बाटल्या रक्त दिलं. गर्भाशय वाचवलं. पुढच्या गरोदरपणात धोका, मोठ्या हॉस्पिटलात नाव घालावं, नातेवाइकांना समजावून सांगावं. या शेवटच्या ओळीखाली मॅडमनी रेघ ओढली होती.

चार दिवसांनी तयार केलेली डिस्चार्ज समरी मात्र कॉम्प्युटरवरची होती. ती तेव्हाच्या एका शिकाऊ डॉक्टरनं केली होती. आमच्याकडे सिझरचा एक तयार मजकूर असायचा. नाव, वय, बाळाचं वजन तेवढं बदलायचं. “शस्त्रक्रिया व त्यानंतरचा काळ सुरळीत.” वारेचं नाव नाही, रक्ताचं नाही. पेशंटच्या हातात जातो तो हा कागद. ऑपरेशनची नोंद फाईलमध्येच राहते.

समरीच्या मागे टाचणीनं एक गुलाबी चिठ्ठी लावलेली होती. वर अक्षर माझं होतं. “डॉ. मगदूम मॅडम, ऑपरेशन नोंद व समरी जुळत नाहीत. समरी दुरुस्त करावी का? कृपया कळवावे.” खाली माझी सही, तीन वर्षांपूर्वीची तारीख. उत्तराची जागा कोरी. चिठ्ठी वर गेलीच नव्हती.

ते दिवस तपासणीचे होते. चाळीस फायली पूर्ण करायच्या होत्या. चिठ्ठी घेऊन मी जिन्यापर्यंत गेले होते, तर मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत असं कळलं. परत आले तेव्हा आमचे विभागप्रमुख जनवाडे सर म्हणाले, “अहो कुंभोजे, समरीप्रमाणे कोड घाला आणि फाईल बंद करा. एकेका फाईलला असं बसलात तर झालंच.” उद्या विचारू, असं म्हणून मी चिठ्ठी टाचून ठेवली आणि साध्या सिझरचा आकडा घातला. चिकटलेल्या वारेला पुस्तकात वेगळा आकडा आहे. तो मला पाठ होता.

नंदकुमार येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मातामृत्यूची चौकशी करणाऱ्या समितीचं पत्र आलं. सारिकाच्या आधीच्या बाळंतपणाचे कागद मागवले होते. जनवाडे सरांनी दार लावून घेतलं. मगदूम मॅडमना खाली बोलावलं होतं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सदा घाईत असणाऱ्या मॅडम त्या दिवशी आल्या आणि शांत बसून राहिल्या.

“मी काय म्हणतो,” सर म्हणाले, “समरीची प्रत आपल्या कॉम्प्युटरवर आहेच. त्यात एक ओळ वाढवून, तारीख तीच ठेवून...”

“आणि तिच्या नवऱ्याकडे आहे तो कागद?” मॅडमनी विचारलं.

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“नाही, जनवाडे. ती मेली आहे. आता तिच्या कागदाला हात लावायचा नाही.” मॅडमनी स्वतःची नोंद उघडली. रेघ ओढलेल्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. “मी लिहिलं होतं. बघा, लिहिलं होतं मी. पण समरीवर सही माझीच आहे. त्या दिवशी पंधरा समऱ्या पुढ्यात होत्या. न वाचता सह्या केल्या.” मग त्यांना ती गुलाबी चिठ्ठी दिसली. त्यांनी ती वाचली. “ही माझ्याकडे आली नव्हती.”

“नाही आली,” मी म्हणाले.

“का?”

मी सरांकडे बघितलं. सर खिडकीकडे बघत होते.

“राहून गेली,” मी म्हणाले. “नंतर विसरले.”

मॅडमनी चिठ्ठी परत फाईलमध्ये ठेवली. “दोन सिझर झालेली, वार खाली सरकलेली, एवढं निपाणीच्या डॉक्टरला माहीत होतं, समितीच्या पत्रातच आहे,” त्या म्हणाल्या. “मागच्या वेळी वार चिकटली होती, हे तिसरं कळलं असतं तर तिनं तिथे सुरी लावली नसती. सातव्या महिन्यातच बेळगावला पाठवलं असतं. मीही तेच केलं असतं.” त्या उठल्या. “समितीला पूर्ण फाईल द्या. चिठ्ठीसकट. नवऱ्यालाही तीच द्या.”

गुरुवारी नंदकुमार आला. मी त्याला फाईलची प्रत दिली. त्यानं पानं उलटली आणि परत माझ्यापुढे ठेवली.

“वाचून दाखवा. मराठीत.”

मी ऑपरेशनची नोंद ओळीओळीनं मराठीत सांगितली. शेवटची ओळ सांगितली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

“सारिका त्या दिवशी घरी आली आन् म्हणाली, कागद मिळाला. तिथल्या ताई म्हणाल्या, सगळं आलंय.” त्यानं डोळे उघडले. “त्या ताई म्हंजे तुमीच का?”

“मीच.”

मला वाटलं तो ओरडेल. टेबलावरचं काहीतरी फेकेल, असंही वाटलं. त्यानं प्रत पिशवीत घातली.

“रविवारी घरी याल का? आईला ऐकायचंय. तिला असंच वाचून दाखवा, जसं मला दाखवलं तसं.”

नाही म्हणायला मला जागा नव्हती.

समितीचं पुढं काय झालं ते इथेच सांगून टाकते. दोन महिन्यांनी निकाल आला. मगदूम मॅडमना आणि हॉस्पिटलला ताकीद मिळाली. तयार मजकुराची समरी बंद झाली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनंच समरी लिहायची, असा नियम आला. जनवाडे सर निवृत्त झाले. मला नोटीस मिळाली आणि औषधांच्या स्टोअरला बदली झाली. वर्षभरानं मॅडमनीच मला परत रेकॉर्डला आणलं. अजून मी तिथेच आहे. पण हे सगळं नंतरचं.

त्या रविवारी सकाळी दहाला मी म्हेत्रेंच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, शेजारीच मागाचा कारखाना. रविवार असून चार माग चालू होते, त्यांच्या खडखडाटानं भिंत थरथरत होती. नंदकुमारनं दार उघडलं. त्याची म्हातारी आई जमिनीवर बसली होती, मांडीवर बाळ. बाळ आदल्याच दिवशी घरी आलं होतं. मूठभर जीव, कपाळावर काजळाचा ठिपका. सारिकाचा मोठा मुलगा आणि ती पोरगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. मला पाहून पोरगी आत पळाली.

“बसा बाई,” म्हातारी म्हणाली. “नंदू म्हणाला, तुमी सगळं वाचून दाखवणार.”

मी फाईलची प्रत उघडली. मागांच्या आवाजात मला मोठ्यानं वाचावं लागत होतं. “दुसरं सिझर. वार आधीच्या टाक्यांना चिकटली होती...”

“म्हंजे कवा?” म्हातारीनं मला थांबवलं. “मागच्या टायमाला?”

“हो आजी. ही पोरगी झाली तेव्हा.”

“मागच्याच टायमाला चिकटलीती?”

“हो. तेव्हाच. म्हणून तेव्हा इतकं रक्त गेलं. आणि एकदा अशी चिकटली की पुढच्या खेपेला आणखी खोल रुतण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी तसं लिहून ठेवलं होतं.”

म्हातारी नंदकुमारकडे बघायला लागली. त्यानं मान हलवली. जणू तो तिला हेच गुरुवारपासून सांगत होता.

“मग त्या घागरीनं न्हाई?” ती म्हणाली.

मला कळेना. मी नंदकुमारकडे बघितलं.

“सातव्या म्हैन्यात,” म्हातारी बोलायला लागली, “नळाला चार दिसांनी पाणी आलंतं. माझा गुडघा धरलाता. मी सारिकाला म्हणलं, दोन घागरी तेवढ्या घी आत. तिनं घेतल्या. दुसरी घेताना तिनं पोटाला हात लावला, मी बघितलं. बघून बी काय बोलले न्हाई मी. तिच्या आईनं मातीच्या दिवशी मला समद्यांम्होरं इचारलं, तुमी माझ्या पोरीला काय उचलाय लावलं हुतं? मी काय सांगू? बाई, मी एकवीस दीस ह्या लेकराला घेतलं न्हाई. काल घेतलं. ह्याच हातानं त्याची आई घालवली आन् ह्याच हातानं त्याला घिऊ?”

“आजी, घागरीचा काही संबंध नाही.”

“खरं सांगताय? मला बरं वाटावं म्हणून न्हाई न्हवं?”

“कागदावर आहे. तीन वर्षांपूर्वीच्या तारखेचं आहे. तुम्ही घागर उचलायला सांगितली नसती तरी हेच झालं असतं.”

“परत एकदा वाचा.”

मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही तिनं वाचायला लावलं. वार या शब्दाशी ती दर वेळी मान हलवायची. तिसऱ्या वाचनानंतर तिनं बाळाला उचलून छातीशी घट्ट धरलं आणि तोंड त्याच्या दुपट्यात खुपसलं. मागांच्या आवाजात तिचं रडणं ऐकू येत नव्हतं. खांदे हलत होते तेवढेच.

मोठा मुलगा येऊन तिच्या पाठीला टेकून बसला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

“पर मग डॉक्टरांनी लिवून ठिवलंतं, तर आमच्या पोरीला कुणी का सांगितलं न्हाई?”

हा प्रश्न येणार, हे मला घरून निघतानाच माहीत होतं. राहून गेलं, विसरले, हे उत्तर मी मॅडमना दिलं होतं आणि तेच इथेही देणार होते. पण त्या बाईनं नुकतंच आपल्या घागरीचं सांगितलं होतं.

“तुमच्या घरी आला तो कागद अपुरा होता,” मी म्हणाले. “तो अपुरा आहे हे तीन वर्षांपूर्वी मला दिसलं होतं. डॉक्टरांना विचारायची चिठ्ठी मी लिहिली, पण दिली नाही.”

नंदकुमार दाराशी उभा होता. तो म्हणाला, “चिठ्ठीचं कळलं मला. फाईलीत हाय. तुमी इसरला असाल.”

“नाही.” माझा आवाज मलाच परका वाटला. “सारिका खिडकीत आली तेव्हा मी तिची फाईल काढली. चिठ्ठी दिसली. सगळं आठवलं. तिनं रक्ताचं विचारलं तेव्हाही माहीत होतं की ते यात नाही. पण पूर्ण नोंद द्यायची तर अर्ज, वरची सही, हे सगळं करावं लागलं असतं. जेवणाची सुट्टी व्हायला आली होती आणि मागे रांग होती. आता हिला थांबवलं तर माझीच जुनी चूक बाहेर येईल, असंही मनात आलं. मी शिक्का मारला आणि म्हणाले, सगळं आलंय.”

हे मी त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतरही, आज लिहितेय तोवर, सांगितलं नाही.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. आतून पोरगी आली, आजीच्या पदराला धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “ही कोण?”

म्हातारीनं तिला जवळ ओढलं.

मी उठले. म्हातारी म्हणाली, “च्या तरी घ्या.” सवयीनं म्हणाली असेल. मी नको म्हटलं. तिनं पुन्हा आग्रह केला नाही.

नंदकुमार मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. कारखाना मागे पडला तसा खडखडाट कमी झाला. तो मान खाली घालून चालत होता.

“आई एकवीस दीस नीट जेवली न्हाई,” तो म्हणाला. “आज जेवंल.”

मी त्याच्याबरोबर चालत राहिले.

“तुमी आलात ते बरं केलंत.” तो थांबला. रिक्षा येताना दिसत होती, तिला त्यानंच हात केला. “पर मॅडम, आता परत येऊ नका.”

“नाही येणार,” मी म्हणाले, आणि रिक्षात बसले.